पुढच्या सालचा डोंगर

दसऱ्याच्या मागेपुढे बीडहून धारूरकडे निघालात, तर घाटाच्या वळणांवर पाट्या घेऊन बसलेल्या बाया दिसतात. पाटीत हिरवी पानं अंथरलेली आणि वर सीताफळांची रास. गाडी थांबली की दोघी-तिघी पुढे येतात. आपण भाव पाडून मागतो, एखादं फळ दाबून बघतो आणि विचारतो, ‘‘बागेतली का डोंगरातली?’’ बाई ठसक्यात सांगते, ‘‘डोंगरातली हायेत, खाऊन बघा.’’

मी बागवानाच्या घरात जन्मलो. फळाची पारख मला शाळेच्या आधी आली. पण ‘डोंगरातली’ म्हणजे नेमकी कुणाची, हा प्रश्न पडायला अर्धं आयुष्य गेलं. हे झाड कुणी लावलं नाही, त्याला कुणी पाणी घातलं नाही. मग त्या फळावर हक्क कुणाचा? आणि हक्कापेक्षा अवघड प्रश्न असा, की त्या झाडाची काळजी कुणाची?

बीड जिल्हा जंगलाचा म्हणून कुणी ओळखत नाही. देशाच्या 1988 च्या वननीतीनं एक तृतीयांश भूमी झाडांखाली असावी असं म्हटलं. आमच्याकडे शेकड्याला दोन-तीन म्हणायचीही पंचाईत. बालाघाटाच्या रांगा उघड्या, दगडाळ. त्यांच्यावर जे टिकलं त्यात सीताफळ मोठं. ते का टिकलं, हे कोणताही गुराखी सांगेल. सीताफळाच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही. पाला कडू आणि उग्र, बिया तर किडे मारायला वापरतात. बाकीचं शेळ्यांनी, कुऱ्हाडींनी आणि दुष्काळांनी नेलं, हे राहिलं. गंमत म्हणजे हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीजांच्या काळात ते आपल्याकडे पसरलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपण त्याला सीतामाईचं नाव दिलं आणि ते आपलं झालं.

सीताफळासारखंच दुसरं झाड तरवडाचं. पिवळ्या फुलांचं, माळावर कुठेही उगवणारं. जुन्या गॅझेटियरमध्ये बीडच्या छागलींचा उल्लेख येतो. छागल म्हणजे पाणी गार ठेवणारी कातड्याची पिशवी. कातडं कमवायला साल लागते, आणि दख्खनमध्ये ती मुख्यतः तरवडाची. मद्रासकडचा मोठा कातडी व्यापारही याच सालीवर उभा राहिला. पुढे दक्षिण आफ्रिकेतून वॉटलची साल आली, मग क्रोमियमची रसायनं आली, आणि तरवड नुसतं झुडूप उरलं.

सोलायला तरवडाच्या फांद्या बुंध्यावरून छाटल्या, तर झुडूप पुन्हा फुटतं. मुळासकट उपटलं तर संपलं. ज्याला पुढच्या वर्षी याच माळावर साल काढायला यायचं आहे, तो मूळ राखणार. ज्याला यायचं नाही, त्याला काय पडलंय? आजचं माझं सगळं बोलणं या एका मुद्द्याभोवतीच फिरणार आहे.

इंग्रजांनी 1864 साली वनखातं काढलं. रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकूड हवं होतं. 1865 आणि 1878 च्या कायद्यांनी जंगलाला सरकारचं कुंपण पडलं. ज्या गायरानात गावाची गुरं चरत, तिथे दंड सुरू झाला. महात्मा फुल्यांनी 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये याच खात्यावर कोरडे ओढले आहेत. 1930 साली लोकनायक अणे पुसदकडे गवत कापून कायदा मोडायला गेले, त्याच वर्षी उरण तालुक्यातल्या चिरनेरला माणसं गोळ्यांना बळी पडली. लाकडाला सरकारी भाषेत ‘मुख्य’ मान मिळाला. फळं, पानं, डिंक, मोहा, मध, साली हे सगळं ‘गौण वनोपज’. मी शब्दांचा माणूस आहे, म्हणून हा शब्द मला खुपतो. गौण कुणासाठी? घाटात पाटी घेऊन बसलेल्या बाईसाठी तर तेच मुख्य आहे.

आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथला एक शब्द आम्ही अजून वापरतो, गुत्तं. एकरकमी बोलीनं घेतलेला ठेका म्हणजे गुत्तं, आणि घेणारा गुत्तेदार. शिंदीचं गुत्तं, रस्त्याचं गुत्तं, तसंच डोंगराचंही. राज्य गेलं, 1948 साली मराठवाडा मोकळा झाला, 1960 साली महाराष्ट्र झाला, पण गुत्तं राहिलं.

आता घरचीच गोष्ट सांगतो. 1980 च्या आसपासची. अब्बांनी धारूरच्या बाजूच्या एका डोंगराचं सीताफळाचं गुत्तं घेतलं. एका हंगामाचं. लिलावात चढाओढ झाली आणि बोली हिशोबाच्या पलीकडे गेली. पैसे आडतीवरून उचललेले. त्यात शेजारच्या डोंगराच्या गुत्तेदारानं आठ दिवस आधीच तोड सुरू केली. आधी माल गेला की आधी भाव मिळतो. मग अब्बांनीही तोड लावली.

सीताफळाचे डोळे उघडल्याशिवाय ते तोडू नये, हे बागवानाच्या पोराला सांगावं लागत नाही. दोन डोळ्यांमधली भेग रुंदावते, पांढुरकी-पिवळी दिसू लागते, तेव्हा फळ तयार झालं. त्याआधी तोडलं तर अढीत घाला, गवतात दडपा, ते पिकत नाही. काळं पडतं, दगड होतं. हे अब्बांना माझ्यापेक्षा शंभर पटीनं ठाऊक होतं. तरी डोळे मिटलेली फळं पाट्यांत पडत होती. हात पोचेना तिथे आकड्यांनी फांद्या ओढल्या जात होत्या आणि कडाकड मोडत होत्या.

तोडीला तांड्यावरची एक म्हातारी होती. तिनं मोडकी फांदी उचलून अब्बांना दाखवली आणि म्हणाली, ‘‘भाई, डोंगर पुढच्या साली न्हाई का?’’ अब्बा काही बोलले नाहीत. रात्री घरी मीच विचारलं. ते म्हणाले, ‘‘डोंगर अपना नै बेटा, ये साल अपना है.’’

त्या वर्षी हैदराबादला गेलेली एक अख्खी खेप काळी पडली. कर्ज फिटायला तीन वर्षं लागली. पण मला नुकसानापेक्षा ते वाक्य राहून राहून आठवतं. अब्बा लोभी नव्हते. घरच्या अंगणातल्या डाळिंबाचं पान ते विनाकारण तोडू देत नसत. डोंगरावर त्यांच्या हातात एकच साल होतं, आणि एका सालाचा मालक एका सालापुरताच विचार करतो. लिलाव करणाऱ्यांनी रक्कम मोजून घेतली. पुढच्या वर्षी किती फांद्या फळतील, हे कुणी मोजलं नाही.

हे बीडपुरतं नाही. विदर्भात बिडीसाठी तेंदूपान गोळा होतं. 1969 च्या कायद्यानं तो व्यापार सरकारनं हाती घेतला, पण गोळा करायला शेवटी हंगामापुरते ठेकेदारच आले. नवी कोवळी पालवी लवकर यावी म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर जंगलाला आगी लावल्या जातात. पानं चांगली मिळतात, पण बाकीची रोपं जळून जातात.

बांबूची कथा याहून बोलकी आहे. कारवार भागातल्या कागद गिरणीला कर्नाटक सरकारनं टनाला दीड रुपया अशा दरानं बांबू देऊ केला होता. त्याच बांबूसाठी टोपल्या विणणाऱ्या बुरुडांना बाजारात शेकडो पटीनं जास्त पैसे मोजावे लागत. बुरुडांनी ओरड केली, तेव्हा 1970 च्या दशकात माधव गाडगीळांनी तिथे अभ्यास केला. बांबूच्या बेटाभोवती काटेरी फांद्यांचं जाळं असतं. तोड सोपी व्हावी, बेट मोकळं व्हावं म्हणून ते साफ केलं जाई. गावकऱ्यांचं म्हणणं होतं की ते काटेच कोवळ्या कोंबांना गुरांपासून वाचवतात. अभ्यासात गावकरीच खरे ठरले. जवळचा बांबू संपला की गिरणी दूरचा शोधायची, ते संपलं की आणखी दूरचा. बुरुडाला दूर जाता येत नाही, म्हणून त्याला काट्यांचा उपयोग माहीत असतो.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं याचं उत्तर शोधलं. गोंडांचं लहानसं गाव. वनहक्क कायदा 2006 साली झाला, आणि त्याखाली 2009 साली मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडे. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. जंगल पूर्वीचंच होतं, बांबूही तोच. बदललं ते एवढंच, की तोडणाऱ्यालाच पुढचं सालही मिळालं.

बाहेरच्या जगातही हाच प्रश्न वेगळ्या वेशात फिरतो आहे. जबाबदारीनं काढलेल्या लाकडावर शिक्का मारणारी वन प्रमाणन परिषद 1993 साली स्थापन झाली. युरोपीय संघानं 2023 साली कायदा केला, की जंगल तोडून पिकवलेली कॉफी, कोको, रबर किंवा लाकूड आमच्या बाजारात नको. त्याची अंमलबजावणी लांबत गेली, तरी दिशा चुकीची नाही. आपल्या सीताफळालाही 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. बीडचं सीताफळ म्हणून कायद्यात नाव लागलं. आनंद झाला. पण शिक्का फळाचं गाव सांगतो. फळ तोडताना त्याचे डोळे उघडले होते का, फांदी शाबूत राहिली का, पाटी वाहणाऱ्या बाईच्या हाती काय पडलं, हे शिक्का सांगत नाही.

मग बीडनं काय करावं? वनहक्क कायद्याचा दरवाजा आम्हाला अरुंद आहे. आमच्याकडे आदिवासी वस्ती थोडी, आणि इतरांना तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, त्या जंगलावर जगत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. तांड्यावरच्या म्हातारीनं तो कोणत्या पेटीत ठेवला असेल? पण वाट अगदीच बंद नाही. संयुक्त वनव्यवस्थापनाचा निर्णय महाराष्ट्रानं 1992 सालीच घेतला आहे. त्याचा आधार घेऊन सीताफळाचा डोंगर एका हंगामासाठी गुत्तेदाराला न देता दहा वर्षांसाठी गावाला द्यावा. तोडीची तारीख गावानं ठरवावी. आकड्यांना बंदी करावी, आणि गर काढायचं छोटं यंत्र गावातच बसवावं, म्हणजे पिकलेलं फळ सडायच्या भीतीनं कच्चं तोडावं लागणार नाही.

याची निकड मोठी आहे, कारण सीताफळाचा हंगाम आणि ऊसतोडीला निघायची वेळ एकमेकींना चिकटून येतात. मुकादमाची उचल अंगावर असलेलं कुटुंब कोयता घेऊन गाडीत बसण्याआधी हातात येणारे शेवटचे मोकळे पैसे बहुधा या डोंगराचे असतात. डोंगर सुधारला म्हणून कोयता सुटेल असं मी म्हणत नाही. पण चार घरं चार आठवडे उशिरा निघाली, तरी पोरांची शाळा तेवढी वाढते.

शेजारी बार्शीकडे नवनाथ कसपटे यांनी ‘गोल्डन’ हा नवा वाण काढला, त्याच्या बागा आता लांबवर पसरल्या आहेत. फळ मोठं, बिया कमी, टिकायला चांगलं. बागवान म्हणून मला त्याचं कौतुक आहे. पण बागेतल्या झाडाला मालक आहे, त्याच्या फांदीची काळजी मला नाही. काळजी वाटते ती घाटातल्या झाडाची.

अब्बा गेले त्याला बरीच वर्षं झाली. मी अजूनही घाटात गाडी थांबवतो. फळ दाबत नाही, त्याचे डोळे बघतो. उघडलेले असले की भाव न करता पाटी घेतो. मिटलेले असले, तर बाईला काही बोलत नाही. तिला ते माझ्याइतकंच कळतं. डोंगर तिचा नाही, एवढंच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)