ठेक्यातला वाटा : बाबासाहेबांची १९४२ ची मागणी आणि आपले नोंदणी प्रमाणपत्र

मंठ्यात आमच्या ओळखीच्या एका तरुणाचे वेल्डिंगचे दुकान आहे. शटर, गेट, शेतीची अवजारे तो बनवतो. त्याने उद्यम नोंदणी केली, प्रवर्गात अनुसूचित जाती लिहिले आणि प्रमाणपत्र लॅमिनेट करून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावले. मग एका मोठ्या कंपनीच्या ‘वंचित पुरवठादार’ योजनेत अर्ज केला. उत्तर आले, "नोंद झाली आहे, गरज पडल्यास कळवू." दोन वर्षे झाली, गरज काही पडलेली नाही. परवा तो मला म्हणाला, "ताई, हा कागद मिरवायचा का वापरायचा?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. कारण आपल्यातलेच काही मित्र म्हणतात, ठेका, टेंडर, धंदा ही भांडवलदारांची भाषा, तिचा चळवळीशी काय संबंध? मित्रांनो, संबंध आहे आणि तो जुना आहे.

महात्मा फुले स्वतः ठेकेदार होते. पुणे कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनीशी त्यांचे नाव जोडलेले आहे. येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे धरण अशा कामांशी त्यांचा व्यवहाराचा संबंध होता. सरकारी बांधकामात मजूर आणि रयत कशी नागवली जाते हे त्यांनी आतून पाहिले, म्हणून ते त्यावर इतक्या धारदारपणे लिहू शकले. 

बाबासाहेबांनाही हा अनुभव आहे. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आल्यावर त्यांनी शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचे काम सुरू केले होते. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाचे ज्ञान बाजाराला चालले नाही, कारण बाजाराने आधी जात विचारली. ‘बाजाराला जात नसते’ असे सांगणाऱ्यांनी एवढी एक घटना लक्षात ठेवावी.

पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, बाबासाहेबांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात शिक्षण आणि नोकऱ्यांबरोबर केंद्रीय बांधकाम खात्याच्या ठेक्यांचाही मुद्दा होता. म्हणजे सरकार जिथे जिथे पैसा खर्च करते तिथे आमचा वाटा हवा, ही त्यांची भूमिका होती. नोकरीतले आरक्षण आपण लढून टिकवले. ठेक्याची मागणी मात्र आपणही विसरलो आणि व्यवस्थेनेही सोयीने विसरून टाकली.

तिची आठवण पुन्हा झाली ती २००२ च्या भोपाळ जाहीरनाम्यात. मध्य प्रदेश सरकारने तेव्हा सरकारी खरेदीत दलित-आदिवासी पुरवठादारांना वाटा देण्याचे धोरण घेतले. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, उभी केली. त्याच काळात केंद्रात खासगी क्षेत्रातील आरक्षणाची चर्चा सुरू झाली. उद्योगपतींच्या संघटनांनी कायद्याला विरोध केला आणि बदल्यात स्वेच्छेची आचारसंहिता पुढे केली. कायदा टाळण्यासाठी दिलेले वचन किती पाळले जाते, हे वेगळे सांगायला नको.

केंद्राने २०१२ मध्ये सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश काढला. केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी २० टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, त्यातला ४ टक्के हिस्सा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा. पुढे २० चे २५ झाले, महिलांसाठी ३ टक्के आले, आपले ४ मात्र ४ च राहिले. तेही कागदावर. सुरुवातीची अनेक वर्षे प्रत्यक्ष खरेदी १ टक्क्यालाही पोहोचली नाही. का? कारण आदेशातच पळवाट आहे. आपले उद्योजक टेंडरमध्ये आले नाहीत किंवा अटींत बसले नाहीत, तर तो हिस्सा इतर लघुउद्योगांकडून भरता येतो. अनुभव आणि उलाढालीच्या अटी घालायच्या, मग ‘पात्र उमेदवार मिळाला नाही’ म्हणायचे. नोकरीतल्या अनुशेषाचाच हा धाकटा भाऊ!

आता अमेरिकेकडे पाहू. काळ्या जनतेच्या लढ्याच्या दबावाखाली १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अल्पसंख्याक उद्योगांसाठी सरकारी कार्यालय उघडले. १९७२ साली तिथे अशा पुरवठादारांना प्रमाणित करून कंपन्यांशी जोडणारी राष्ट्रीय परिषद उभी राहिली. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर जन्मली. मालकी किमान ५१ टक्के हवी, हा तिथला नियम आपल्याकडेही भागीदारी आणि कंपन्यांना लागू आहे. पण गेल्या एक-दोन वर्षांत राजकीय वारे फिरताच तिथल्या अनेक बड्या कंपन्यांनी हे कार्यक्रम गुंडाळले. स्वेच्छेने दिलेले स्वेच्छेनेच काढून घेतले जाते. हक्क आणि मेहेरबानी यांत फरक असतो तो इथे.

‘ठेक्यात कसले आरक्षण, गुणवत्ता बघा’ असे कुणी म्हटले तर त्याला महाराष्ट्राचेच उदाहरण द्या. सार्वजनिक बांधकामाची छोटी कामे मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांच्यासाठी राखून ठेवण्याची पद्धत आपल्या राज्यात कित्येक वर्षांची आहे. तेव्हा गुणवत्ता बुडत नाही. शेजारच्या कर्नाटकाने तर ठरावीक रकमेपर्यंतच्या सरकारी कामांत अनुसूचित जाती-जमातींच्या ठेकेदारांना कायद्याने आरक्षण दिले आहे. मग फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्राला काय अडचण आहे?

जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या भट्ट्या आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत. मंठा, परतूरची आपली पोरे तिथे भट्टीवर आणि हमालीला पोहोचली. पुरवठादार म्हणून किती पोहोचली? आपल्याच वस्तीतला रस्ता, आपलेच समाजमंदिर दलित वस्तीच्या निधीतून होते, त्याचे बिल कोणाच्या नावावर निघते? हे ज्याने त्याने आपल्या गावात विचारावे.

दलित भांडवलशाहीवर टीका करणाऱ्यांचे एक म्हणणे मला मान्य आहे. चार कोट्यधीश झाल्याने जातीव्यवस्था मोडत नाही, भूमिहीनाला जमीन मिळत नाही. पण ही मागणी चार जणांच्या बंगल्यांसाठी नाही. सार्वजनिक पैशावर कोणाचा हक्क, हा लोकशाहीचा प्रश्न आहे.

म्हणून त्या तरुणाला मी सांगितले, कागद वापरायचा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे, दलालाला एक रुपया देऊ नका. धर्म बौद्ध आहे म्हणून प्रवर्ग लिहायला कचरू नका, १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीची मान्यता दिली आहे. मात्र नोंदणी करून वाट बघत बसू नका. केंद्रीय उपक्रमांना माहितीच्या अधिकारात ४ टक्क्यांचा हिशोब मागा, जिल्हा परिषदेत वस्तीच्या कामांची यादी मागा, आमदारांना कायद्याबद्दल विचारा. एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो, शंभर जणांचा अर्ज आंदोलन होतो.

प्रमाणपत्र भिंतीवर शोभेसाठी नाही. ते १९४२ च्या निवेदनाचे राहिलेले काम आहे.

जयभीम!