तेरा बाळंतपणे आणि एक 'क्रॉइट्झर सोनाटा' : टॉलस्टॉय दांपत्याचा न मिटलेला वाद

१/ १८६२ चा ऑगस्ट. मध्य रशियातील एका जमीनदारी वाड्यात, पत्ते खेळण्याच्या मेजावर लेव टॉलस्टॉय यांनी खडूने काही शब्दांची केवळ आद्याक्षरे लिहिली. समोर बसलेल्या सोफिया बेर्सने त्यांतून पूर्ण वाक्ये ओळखली, असे तिने पुढे आपल्या आठवणींत नोंदवले. 'ॲना कॅरेनिना'तील लेविन आणि किटी यांचा प्रसिद्ध प्रसंग तो हाच.

२/ २३ सप्टेंबर १८६२ रोजी क्रेमलिनमधील चर्चमध्ये विवाह झाला. (तारखा तत्कालीन रशियन पंचांगानुसार.) वधू १८ वर्षांची, वर ३४ चा. मागणी आणि लग्न यांत जेमतेम एका आठवड्याचे अंतर. या ४८ वर्षांच्या संसाराविषयी लिहिताना जमीन, ग्रंथांचे हक्क आणि धर्मविचार यांवरील भांडणे नेहमी सांगितली जातात. त्यांहून जुना एक वाद मात्र मागे पडतो : मुले किती व्हावीत, आणि ते कोणी ठरवावे?

३/ ठिणगी पहिल्याच बाळंतपणात पडली. जून १८६३ मध्ये सेर्गेई जन्मला. सोफियाच्या स्तनांना सूज आली, पाजताना असह्य वेदना होऊ लागल्या. दूध पाजण्यासाठी दाई ठेवण्याची कल्पना टॉलस्टॉय यांना मुळीच रुचली नाही. आईने स्वतः पाजणे हा निसर्गाचा नियम, ही त्यांची भूमिका. सोफियाचे वडील दरबारी वैद्य होते. त्यांनी जावयाला खरमरीत शब्दांत समज दिली. अखेर दाई आली, पण पतीच्या मनातला राग लपला नाही.

४/ या हट्टाकडे केवळ पुरुषी हेकेखोरपणा म्हणून पाहणे अपुरे ठरेल. टॉलस्टॉय दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा त्यांची आई वारली. आईचा चेहराही आठवत नसलेल्या या माणसाने मातृत्वाची एक पवित्र मूर्ती मनाशी घडवली होती. अडचण एवढीच की, त्या मूर्तीला ताप येत नसे, थकवा येत नसे. सोफियाला दोन्ही येत होते.

५/ पुढे १८६४ मध्ये तात्याना, १८६६ मध्ये इल्या, १८६९ मध्ये लेव. याच वर्षांत 'युद्ध आणि शांती' लिहून झाली आणि तिच्या हस्तलिखिताच्या प्रती रात्री जागून सोफियाच करीत राहिली. घर मुलांनी भरलेले होते आणि सोफिया मनापासून आई होती. मुलांविषयीची नावड हे या वादाचे मूळ कधीच नव्हते, एवढे आधीच स्पष्ट करायला हवे.

६/ वळण आले फेब्रुवारी १८७१ मध्ये. पाचवे अपत्य, मारिया, दिवस भरण्यापूर्वी जन्मले आणि सोफियाला बाळंतज्वर झाला. जंतुसंसर्गाचे ज्ञान रुजण्यापूर्वीच्या त्या काळात हा ताप म्हणजे बहुधा मृत्यूचे बोलावणे. तिचे केस कापून डोके भादरावे लागले. ती वाचली. पुढची बाळंतपणे टाळावीत, असा सल्ला डॉक्टरांनी दिला.

७/ सोफियाला तो पटण्यासारखा होता. टॉलस्टॉय यांना तो अधर्म वाटला. अपत्याचा हेतू वगळलेला वैवाहिक संबंध म्हणजे त्यांच्या लेखी केवळ विलास. या मतभेदाने दोघांमध्ये प्रथमच खोल तडा गेला. सल्ला बाजूला राहिला आणि जून १८७२ मध्ये प्योत्र जन्मला.

८/ त्यानंतरची तीन वर्षे वाचवत नाहीत. प्योत्र १८७३ च्या नोव्हेंबरात गेला. १८७४ मध्ये जन्मलेला निकोलाय १८७५ च्या फेब्रुवारीत गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात वार्वारा जन्मली आणि जन्मतःच म्हणावी अशी गेली. दोन वर्षांच्या आत तीन मुले पुरावी लागली. आणि ही सारी वर्षे टॉलस्टॉय 'ॲना कॅरेनिना' लिहीत होते.

९/ त्या कादंबरीच्या सहाव्या भागात डॉली एकटीच घोडागाडीतून ॲनाला भेटायला निघते. वाटेत तिच्या मनात आपल्या संसाराचा हिशेब चालू होतो : गरोदरपण, मळमळ, प्रसूती, भेगाळलेले स्तन, आजारपणे, बाळाचे मरण. मग ॲना तिला सांगते की आता आपल्याला मुले होणार नाहीत, आणि त्याचे कारणही सांगते. डॉली आधी थक्क होते, मग तिला शिसारी येते. लेखकाचा कौल उघडपणे ॲनाविरुद्ध आहे. तरीही डॉलीच्या मनातली ती यादी इतकी नेमकी आहे की ती यास्नाया पोल्यानातील स्वतःच्या घरातूनच आली असावी, असे वाटल्यावाचून राहत नाही.

१०/ १८७७, १८७९, १८८१ : आणखी तीन मुलगे. एव्हाना टॉलस्टॉय यांच्यात मोठे धार्मिक परिवर्तन झाले होते. संपत्ती, चर्च, राज्यसत्ता सारे त्यांना खोटे वाटू लागले होते. १८८३ मध्ये सोफियाला पुन्हा दिवस गेले. हे मूल तिला नको होते. तूलातील एका सुइणीकडे जाऊन तिने गर्भ पाडण्याची विनंती केली आणि सुइणीने नकार दिला, ही हकीकत त्या गर्भातून जन्मलेल्या अलेक्सांद्राच्याच चरित्रकथेचा भाग आहे.

११/ १७ जून १८८४ च्या संध्याकाळी पतिपत्नींत कडाक्याचे भांडण झाले. टॉलस्टॉय पिशवी खांद्याला लावून घर सोडून निघाले. तूलाच्या अर्ध्या वाटेवर त्यांना आठवले की पत्नीचे दिवस भरले आहेत, ते परतले. पहाटे अलेक्सांद्रा जन्मली. या वेळी सोफियाने बाळाला पाजण्यास नकार दिला आणि दाई ठेवली. २१ वर्षांपूर्वीचा वाद तिने एका कृतीने निकाली काढला, पण फार उशिरा.

१२/ १८८६ मध्ये पूर्ण झालेल्या 'मग आपण काय करावे?' या ग्रंथाच्या शेवटी टॉलस्टॉय यांनी मुले जन्माला घालून वाढवणाऱ्या स्त्रीचा गौरव केला. मानवजातीचा उद्धार तिच्याच हाती आहे म्हटले. १८८८ च्या मार्चमध्ये तेरावे अपत्य, इव्हान, जन्मले. आई ४३ वर्षांची, वडील ५९ चे. आणि १८८९ मध्ये पूर्ण झाली 'क्रॉइट्झर सोनाटा'.

१३/ या कादंबरिकेत पत्नीचा खून केलेला पोझ्दनिशेव आपली कहाणी सांगतो. आठ वर्षांत पाच मुले. पहिले वगळता सर्वांना आईने स्वतः पाजले. मग डॉक्टर तिला पुढची मुले टाळायला सांगतात, उपायही शिकवतात. ती सुखावते, उजळते, आणि त्याचा संशय जागा होतो. आता ही संख्या १८७१ च्या यास्नाया पोल्यानाशी ताडून पाहा. संसाराला साडेआठ वर्षे. मुले पाच. पहिल्याला दाई. डॉक्टरांचा तोच सल्ला. घरात जो सल्ला मानला गेला नाही, तो मानला असता तर काय अनर्थ झाला असता, हेच जणू कथेने दाखवले.

१४/ शिवाय उपसंहारात टॉलस्टॉय यांनी संपूर्ण ब्रह्मचर्य हाच आदर्श ठरवला. म्हणजे आधी मुले होत राहणे हा धर्म, नंतर संबंधच नसणे हा धर्म. दोन टोके, पण एक गोष्ट तीच राहिली : नियम पतीने शोधायचा आणि तो पत्नीच्या देहावर लागू व्हायचा. आणि पतीला स्वतःला तरी तो पाळता आला का? डिसेंबर १८९० मध्ये आपल्याला पुन्हा दिवस गेले असावेत, या भीतीने सोफिया डायरीत लिहिते की आता मॉस्कोतले लोक यालाच 'क्रॉइट्झर सोनाटा'चा खरा उपसंहार म्हणतील.

१५/ तरीही बंदी घातलेल्या याच पुस्तकासाठी ती एप्रिल १८९१ मध्ये झार तिसऱ्या अलेक्झांडरला भेटली आणि समग्र वाङ्मयाच्या तेराव्या खंडात ते छापण्याची परवानगी मिळवून आली. लोक या कथेत तिलाच पाहत होते. तिचा बळी गेला असता तर ती कथेसाठी रदबदली करील कशी, असे जगाला वाटावे हा तिचा हेतू होता. आर्थिक बाजूही होतीच. ग्रंथांचे प्रकाशन तीच पाहत असे.

१६/ झारपुढे जे बोलता आले नाही ते तिने १८९० च्या दशकाच्या आरंभी 'कोणाचा दोष?' या कादंबरिकेत लिहिले. तिची नायिका ॲना मनाची सोबत शोधते. वयाने मोठा असलेला सरदार पती तिच्यात केवळ देह पाहतो. एका आजारी चित्रकाराशी तिची निर्मळ मैत्री होते, आणि पती संशयाने कागददाब फेकून तिला ठार करतो. खून तोच, सांगणारी बाजू वेगळी.

१७/ १८९५ च्या फेब्रुवारीत सात वर्षांचाही न झालेला इव्हान विषमज्वरासारख्या नव्हे, लाल पुरळाच्या तापाने दोन दिवसांत गेला. नको म्हणण्याच्या वयात झालेले हे मूल दोघांचेही सर्वांत लाडके होते. आपले कार्य हाच पुढे नेईल, अशी टॉलस्टॉय यांची आशा होती. सोफिया त्या दुःखातून कधी पूर्ण सावरली नाही. बाळंतपणे थांबावीत असे वाटणे आणि झालेल्या मुलावर जीव ओवाळून टाकणे, ही दोन्ही तिचीच सत्ये होती.

१८/ २८ ऑक्टोबर १९१० च्या पहाटे ८२ वर्षांचे टॉलस्टॉय पुन्हा घर सोडून निघाले. या वेळी अर्ध्या वाटेवरून परतण्याचे कारण उरले नव्हते. ७ नोव्हेंबरला अस्तापोवो रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले. सोफिया १९१९ मध्ये गेली. 'क्रॉइट्झर सोनाटा' तोवर जगभर वाचली जात होती. 'कोणाचा दोष?' रशियन भाषेत प्रथम छापली गेली १९९४ मध्ये, लेखिकेच्या मृत्यूनंतर ७५ वर्षांनी. या संसाराविषयी मत बनवण्यापूर्वी दोन्ही कथा एकापाठोपाठ एक वाचाव्यात.