बडोद्याची शिष्यवृत्ती आणि महाडचे तळे

अमेरिकी विद्यापीठांत राजकीय विचारांवर पीएच.डी. करणाऱ्यांना आज अध्यापनवृत्ती मिळते. विद्यार्थ्याने संशोधन करावे, जोडीला पदवीचे वर्ग शिकवावेत आणि त्या बदल्यात शुल्कमाफी व निर्वाहभत्ता घ्यावा, अशी ही व्यवस्था. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना मिळालेली शिष्यवृत्ती मात्र वेगळ्या जातीची होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले. परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, या अटीच्या करारावर ४ जून १९१३ रोजी सही झाली आणि जुलैत ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तेथे त्यांनी घेतलेल्या विषयांची यादी पाहण्याजोगी आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे अवघे ३. त्यांचा प्रबंधही ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा; मार्गदर्शक सेलिग्मन यांची प्रस्तावना घेऊन तो १९२५ मध्ये ग्रंथरूपाने निघाला आणि सयाजीरावांनाच अर्पण झाला. अमेरिकी लोकशाहीचा विचार त्यांना भेटला तो मुख्यतः जॉन ड्युई यांच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात. लोकशाही म्हणजे केवळ राज्यकारभाराची रीत नव्हे, तर माणसांनी एकमेकांसोबत जगण्याची रीत, हा ड्युईंचा विचार आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जातिव्यवस्थेला लावून दाखविला आणि गुरूचे ऋणही तेथेच नोंदविले.

त्याच सुमारास इकडे कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, शिष्यवृत्ती मिळविलेल्या आणखी एका अस्पृश्य मुलाला महाडच्या इंग्रजी शाळेने दारातच अडविले होते. तक्रारीनंतर त्याला प्रवेश मिळाला. हा मुलगा म्हणजे रामचंद्र बाबाजी मोरे. पुढे महाडच्या परिषदेची कल्पना मांडून ती तडीस नेणाऱ्यांत ते अग्रभागी होते.

महाड हे सावित्रीकाठचे बाजारगाव. नदीच्या वरच्या अंगाला, महाबळेश्वरच्या घाटाखाली पोलादपूर. या डोंगराळ मुलखातल्या माणसाला बाजारहाट आणि कोर्टकचेरीसाठी महाड गाठावेच लागे. मात्र तो अस्पृश्य असेल, तर गावातल्या चवदार तळ्याचे पाणी त्याला बंद होते. मुसलमानांना ते खुले होते, जनावरांनाही होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये संमत केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांनी परिषदेतील लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. त्याच वर्षी जूनमध्ये कोलंबियाने त्यांना पीएच.डी. बहाल केली. डिसेंबरात ते पुन्हा महाडला आले तेव्हा तळ्यावर जाण्यास न्यायालयाची मनाई होती. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले.

हा दिवाणी दावा दहा वर्षे चालला. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र न्या. ब्रूमफील्ड यांचे, १९२२ मध्ये गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ते हेच. परंतु या विजयाचा पाया अरुंद होता. वहिवाट अनादिकाळापासूनची असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. ते सिद्ध झाले असते, तर तळे कदाचित बंदच राहिले असते. समतेचा हक्क सांगणारे कलमच तेव्हाच्या कायद्यात नव्हते.

ही उणीव आंबेडकरांनी निकालाआधीच हेरली होती. पहिल्या गोलमेज परिषदेत त्यांनी आर. श्रीनिवासन यांच्यासह अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना सादर केली. तीत समान नागरिकत्वाच्या कलमासाठी अमेरिकी राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा आधार त्यांनी नमूद केला आणि हक्कभंगाच्या शिक्षेसाठी १८६६ व १८७५ च्या अमेरिकी नागरी हक्क कायद्यांचा. १८७५ च्या कायद्यात खाणावळी, वाहने आणि नाट्यगृहे होती. आंबेडकरांच्या मसुद्यात त्यांच्या जोडीला शाळा, रस्ते, तळी, विहिरी आणि इतर पाणवठे आले. वॉशिंग्टनच्या कायद्यात तळ्याची गरज कोणाला भासली नव्हती. महाड पाहिलेल्या माणसाला ती भासली.

अमेरिकेत मात्र तो कायदा टिकला नव्हता. चौदावी दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी माणसाला नव्हे, असे म्हणत तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्येच त्यातील ही कलमे रद्द केली होती. खाणावळी आणि नाट्यगृहांतील भेदभावाला देशभर बंदी करणारा कायदा तेथे पुन्हा यायला १९६४ साल उजाडले.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या भारतीय राज्यघटनेने ती पळवाट ठेवली नाही. अनुच्छेद १५ चा पहिला खंड राज्यसंस्थेला भेदभाव करण्यास मनाई करतो, पण दुसऱ्या खंडात बंधन थेट सार्वजनिक जागांच्या वापरावर येते. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे व करमणुकीच्या जागांत अडविता येत नाही. त्याच खंडात पुढे सरकारी पैशातून राखलेल्या किंवा जनतेसाठी खुल्या ठेवलेल्या जागांची नावे येतात: विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते.