साखळी दोन इंच लांब असली तर?

धुऱ्याची भांडणं आपल्या बीड जिल्ह्याला नवी नाहीत. आता मोजणीला रोव्हर आलाय, सॅटेलाइटवरून सेंटीमीटरपर्यंत जागा कळते, म्हणजे भांडण संपलं असं बरेच जण म्हणतात. संपत नाही. मशीन आजचं असलं तरी ज्या रेघेशी ते जुळवायचं ती रेघ दीडशे वर्षांपूर्वीची आहे.

ती रेघ आली कुठून? सुरुवात इंदापूरची. इंग्रज अधिकारी प्रिंगल यांनी तिथे 1830 च्या सुमारास मोजणी करून शेतसारा बसवला. निव्वळ उत्पन्नाचा हिशोब कागदावर फार हुशारीचा होता. पण आकडे खालून यायचे आणि ते तपासणारं कुणी नव्हतं. सारा झेपेना, शेतकरी जमिनी टाकून गेले. 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तिथेच नव्याने सुरुवात केली. सर्व्हे नंबर, मातीची प्रतवारी, तीस वर्षांचा सारा, सगळं तिथून. आपण निजामाकडे होतो, पण सालारजंग यांच्या काळात, 1870 च्या दशकात, हैदराबाद संस्थानाने मराठवाड्यासाठी हीच मुंबईची पद्धत उचलली.

मोजायचे साखळीने. साखळी 33 फुटांची. 33 गुणिले 33 म्हणजे एक गुंठा. रोज ओढून ओढून कड्या उघडतात. समजा साखळी दोनच इंच वाढली. मोजताना कुणी चुकून आणा-दोन आणे कमीजास्त वाचले तर अशा चुका एकमेकींना बऱ्याच खातात. वाढलेल्या साखळीचं तसं नाही. तिची चूक प्रत्येक वेळी एकाच बाजूला जाते. लांबीत अर्धा टक्का, क्षेत्रात एक टक्का. दहा एकराचं रान कागदावर 9 एकर 36 गुंठे होतं.

तेव्हाचा शेतकरी खूशच असणार, सारा कमी बसला! सरकारलाही एवढी चूक चालत होती, कारण मोजणी साऱ्यासाठी होती. आज त्याच कागदावर रेल्वेचा, हायवेचा मोबदला ठरतो आणि चार गुंठ्यांसाठी लोक कोर्टात जातात.

नकाशाचं तर वेगळंच. एका इंचात 660 फूट अशा प्रमाणाचा जुना गावनकाशा घ्या. त्यावर अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर चार मीटर, म्हणजे तेरा फूट रुंद होते. रोव्हर सेंटीमीटर दाखवतो, पण तेरा फुटांतला नेमका कुठला सेंटीमीटर धरायचा? शिवाय प्रत्येक गाव वेगळं मोजलेलं. दोन गावांचे नकाशे शिवेवर जोडून पाहा, कुठे फट पडते, कुठे एकमेकांवर चढतात.

लॅम्टनच्या मोठ्या सर्वेक्षणात असं नव्हतं. 1815 मध्ये बिदरजवळ मोजलेली पायारेषा पुढे वॉ यांनी पुन्हा मोजून ताळा घेतला. साऱ्याच्या मोजणीत एवढा ताळा कोण घेणार?

वर हेक्टर-आर आलं. गुंठा म्हणजे आर असं आपण सर्रास बोलतो. पण गुंठा 101.17 चौरस मीटर, आर 100. दहा एकर म्हणजे 4.05 हेक्टर. कुणी सरळ 4.00 लिहिलं की साडेचार गुंठे गेले, न भांडता.

म्हणून मोजणीचा अर्ज करताना नुसत्या नकाशावर जाऊ नका. मूळ टिपणाची नक्कल मागा. साखळी-आण्यांत प्रत्यक्ष मोजलेले आकडे त्यात असतात, नकाशा त्यावरून काढलेला. शेजारच्या नंबराचंही टिपण घ्या आणि सामाईक धुऱ्याचे आकडे जुळतात का बघा. सरकारकडे माझी मागणी एकच आहे: ‘क’ प्रतीवर हद्द कशावरून धरली (टिपण, नकाशा, जुने दगड की वहिवाट) आणि त्यात किती फुटांचा फरक असू शकतो, हे छापा. आणि टिपण गहाळ असेल तर तेही त्याच कागदावर लिहा.