मिशन, मंडळी आणि पाठवणी

‘मिशन’ हा शब्द लॅटिन ‘मित्तेरे’ या धातूवरून आला. अर्थ पाठवणे. आरंभी तो ख्रिस्ती धर्मशास्त्रातला, त्रैक्याच्या चर्चेतला शब्द होता. माणसांना दूरदेशी धर्मकार्यासाठी धाडण्याचा अर्थ त्याला सोळाव्या शतकात जेझुइटांनी दिला. मराठीत येईपर्यंत मात्र तो चालता शब्द बसता झाला. मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना, मिशन कंपाउंड असे बोलताना आपल्या मनात जागा असते, तिच्याभोवतीची भिंत असते. कोणी कोणाला पाठवले होते हे त्यात उरत नाही.

आपल्याकडे बाईला पाठवण्यासाठी वेगळाच शब्द आहे, पाठवणी. ती लग्नानंतर होते आणि सासरी होते. अमेरिकेतही फार निराळे नव्हते. अमेरिकन बोर्डाने १८१३ मध्ये मुंबईत मराठी मिशन सुरू केले, तेव्हा समुद्रापार जाणारी बाई बहुधा मिशनऱ्याची पत्नी असे आणि बोर्डाच्या यादीत तिच्या नावापुढे ‘सहायक मिशनरी’ असे लिहिले जाई. म्हणून १८२७ साली सिंथिया फरार मुंबईत उतरल्या, ही घटना मला मोठी वाटते. लग्न न करता, मुलींच्या शाळा चालवण्यासाठी अमेरिकेतल्या मिशनरी संस्थेने परदेशी पाठवलेल्या त्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. पुढे त्या अहमदनगरला गेल्या आणि तिथेच १८६२ मध्ये वारल्या. जोतीराव फुल्यांनी स्त्रीशिक्षणाच्या आपल्या कामामागची प्रेरणा सांगताना नगरच्या फरारबाईंच्या शाळेचा उल्लेख केला आहे. एका अविवाहित बाईची पाठवणी पुण्याच्या इतिहासापर्यंत अशी पोचली.

पण फरारबाईंना पाठवणारे पुरुष होते. पाठवणाऱ्या बायका व्हायला आणखी काही दशके जावी लागली. अमेरिकेतले यादवी युद्ध संपले होते. त्या युद्धात बायकांनी जखमींसाठी निधी उभा केला, हिशेब ठेवले, मंडळे चालवली. तो सराव आता मोकळा होता. १८६८ मध्ये बोस्टनच्या काँग्रिगेशनल चर्चमधल्या स्त्रियांनी स्वतःचे बोर्ड स्थापले, ‘वुमन्स बोर्ड ऑफ मिशन्स’. पुढच्याच वर्षी, मार्च १८६९ मध्ये, त्याच शहरात मेथडिस्ट स्त्रियांनी ‘वुमन्स फॉरिन मिशनरी सोसायटी’ काढली. तिची वर्गणी आठवड्याला दोन सेंट आणि एक प्रार्थना. मेथडिस्टांनी पहिल्या वर्षीच इझाबेला थोबर्न या शिक्षिकेला आणि क्लारा स्वेन या डॉक्टरला हिंदुस्थानात धाडले. दोघींची कर्मभूमी उत्तरेची, लखनौ आणि बरेली. बोस्टनच्या पहिल्या बोर्डाचा पैसा मात्र आपल्या नगर-सोलापूरच्या मराठी मिशनकडे येत राहिला.

या नावांतला ‘वुमन्स’ नीट पाहावा. इंग्रजीत तो एकवचनी आहे, ‘विमेन्स’ नाही. एकोणिसाव्या शतकात ‘वुमन’ म्हणजे एक बाई नव्हे, सगळी स्त्रीजात. आपल्याला हा प्रयोग परका वाटायचे कारण नाही. ‘स्त्रीशिक्षण’ म्हणताना आपणही एकवचनच वापरतो, आणि १८८२ साली ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली तेव्हा त्या ‘स्त्री’त सगळ्याजणी होत्या. गंमत अशी की शीर्षकात सगळ्या स्त्रीजातीच्या नावाने उभ्या राहिलेल्या बायका अहवालात मात्र नवऱ्याच्या नावाआड असत. बोस्टनच्या बोर्डाच्या पहिल्या अध्यक्षा छापील कागदावर ‘मिसेस अल्बर्ट बॉकर’ आहेत. सेरा हे त्यांचे स्वतःचे नाव शोधावे लागते.

आता सर्वांत कठीण शब्द. १८६९ मध्ये दोन्ही मंडळांनी नियतकालिके काढली. मेथडिस्टांचे ‘हीदन वुमन्स फ्रेंड’, दुसऱ्यांचे ‘लाइफ अँड लाइट फॉर हीदन विमेन’. हीदन म्हणजे जो ख्रिस्ती नाही तो. शब्दाचे मूळ वादग्रस्त आहे. ‘हीथ’ म्हणजे माळरान, तिथे राहणारा तो हीदन, असे एक मत. लॅटिन ‘पागानुस’ म्हणजे खेडूत, त्यावरून ‘पेगन’ झाला, तसेच हे. दुसऱ्या मताने तो ग्रीक ‘एथ्नोस’वरून फिरत आला. पण मला खरा थरकाप दुसऱ्या एका नोंदीने होतो. जर्मेनिक भाषांत हा शब्द प्रथम सापडतो तो चौथ्या शतकातल्या वुल्फिलाच्या गॉथिक बायबलात, मार्कच्या सातव्या अध्यायात. आणि तिथे तो स्त्रीलिंगी आहे, ‘हाइथ्नो’. आजारी मुलीसाठी येशूकडे विनवणी करायला आलेली ती परकी आई. म्हणजे या शब्दाची सर्वांत जुनी ज्ञात नोंद ‘हीदन’ बाईचीच आहे. बोस्टनच्या संपादिकांना हे माहीत असो वा नसो, त्यांच्या मासिकाच्या नावाला पंधराशे वर्षांची पूर्वपीठिका होती.

त्या शब्दाने पैसा जमवला, हे नाकारता येत नाही. दूरच्या बहिणीचे अंधारे चित्र रंगवले की दोन सेंट लवकर सुटतात. पण ज्या नगरच्या किंवा लखनौच्या बाईसाठी ते सुटत, तिने ते मासिक हाती घेतले असते तर तिला आपले कोणते नाव दिसले असते? म्हणूनच पुढची पायरी मला या मंडळांच्या इतिहासातली सर्वांत चांगली वाटते. काँग्रिगेशनल स्त्रियांनी १८७३ पासून मासिकाचे नाव नुसते ‘लाइफ अँड लाइट फॉर वुमन’ केले. मेथडिस्ट मासिकाच्या नावातूनही १८९६ मध्ये ‘हीदन’ गेला आणि ‘वुमन्स मिशनरी फ्रेंड’ आले. पाठवणारी आणि जिच्याकडे पाठवायचे ती, दोघी एकाच ‘वुमन’मध्ये मावल्या. निदान मुखपृष्ठावर तरी.

मराठीने हे काम आधीच केले होते. १८५७ मध्ये लंडनच्या गरीब वस्तीत एलन रॅनयार्ड यांनी त्याच वस्तीतल्या बाईला बायबलच्या प्रती विकायला नेमले आणि ‘बायबल वुमन’ हा शब्द घडवला. तो हिंदुस्थानात आला. इंग्रजी अहवालांत अमेरिकन ती ‘लेडी मिशनरी’ आणि दारोदार फिरणारी देशी ती ‘बायबल वुमन’. मराठीत एक फरारबाई, दुसरी बायबलबाई. बाई दोघीही. आपल्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला जो मानाचा शब्द, तोच दोघींना.

आणि शेवटी मंडळी. संस्कृत ‘मंडल’ म्हणजे वर्तुळ. पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना १८८७ मध्ये त्यांच्या शाळेसाठी जी ‘रमाबाई सर्कल्स’ निघाली, तीही वर्तुळेच, वर्षाला एक डॉलर आणि दहा वर्षांचे वचन. आपले महिला मंडळ त्याच अर्थाचे. मराठी ख्रिस्ती समाजाने चर्चलाही ‘मंडळी’ हाच शब्द दिला. तो स्त्रीलिंगी आहे, मूळ ग्रीक ‘एक्लेसिया’सारखाच. शिवाय जुन्या मराठीत नवरा ‘आमची मंडळी’ म्हणे तेव्हा त्याच्या मनात बायको असे. चर्च, बायको आणि जमलेले लोक, तिन्ही अर्थ एका शब्दात सामावणारी भाषा मला तरी दुसरी ठाऊक नाही.

बोस्टनचे ते स्त्रियांचे बोर्ड १९२७ मध्ये पुरुषांच्या मोठ्या बोर्डात विलीन झाले. बायबलबाई हा शब्दही आता थोड्याच घरांत बोलला जातो. ज्यांच्या घरी आजी, पणजी बायबलबाई होती, त्यांनी तिचे नाव, तिच्या फेरीची गावे आणि घरात तिच्यासाठी वापरले जाणारे शब्द लिहून ठेवावेत. अहवालांत तिचे नाव बहुधा नाही.