काळवत्री दगडाचे वय

महाराष्ट्राचा इतिहास सांगावयास बसलो की आपण बहुधा सातवाहनांपासून आरंभ करतो. फारच मागे गेलो तर नेवासे-जोर्व्याच्या मातीच्या भांड्यांपर्यंत पोचतो. परंतु ज्या काळवत्री दगडात कार्ल्याचे लेणे कोरले, ज्याच्यावर रायगड उभा राहिला आणि ज्याचे पाटेवरवंटे आपल्या घराघरांत होते, त्या दगडाचाही एक इतिहास आहे. तो लिहून ठेवणारा बखरकार नव्हता. त्याचे वय काय, एवढाच साधा प्रश्न घेतला, तरी त्याचे उत्तर मिळावयास विद्वानांना दीडशे वर्षांहून अधिक काळ झगडावे लागले. त्या झगड्याची हकीकत मी आज सांगणार आहे.

हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, हे आपणांस ठाऊक असेल. सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने आजही व्यापलेला आहे, आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन हजार मीटरांच्या घरात जाते. तो एकदाच वाहून आला नाही. जमिनीच्या भेगांतून एक लोट आला, थिजला. त्यावर दुसरा आला. अशी भाकऱ्यांची चवड लागावी तशी ही रचना आहे. घाटातून जाताना डोंगराला पायऱ्या पडलेल्या दिसतात त्या ह्यामुळेच, आणि पायरी ह्या अर्थाच्या उत्तर युरोपातील शब्दावरूनच भूशास्त्रज्ञ ह्या दगडाला ‘दक्षिण ट्रॅप’ म्हणतात.

आता अडचण अशी की, दगडाचे वय सांगण्याची जी जुनी रीत, ती ह्या दगडापाशी लंगडी पडते. ती रीत गाळाच्या खडकांसाठी होती. तळ्याच्या किंवा समुद्राच्या तळाशी गाळ साठतो. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. त्या त्या थरात त्या त्या काळचे प्राणी पुरले जाऊन दगड बनतात. विशिष्ट काळातच जगून गेलेला एखादा शंख दोन दूरच्या प्रांतांत सापडला, तर ते दोन्ही थर एकाच काळचे मानावयाचे. एकोणिसाव्या शतकात भूशास्त्राचा सारा इमला ह्या नियमावर उभा राहिला. पण तप्त लाव्ह्यात जगणार कोण, आणि पुरले जाणार कोण? काळा दगड ह्या बाबतीत मुका आहे.

सुदैवाने लाव्ह्याचे दोन लोट लागोपाठच आले असे नाही. मध्ये कित्येक वर्षे, कधी हजारो वर्षे, शांततेची गेली. तेवढ्या अवधीत खळग्यांतून तळी साठली, काठांवर झाडे वाढली, गोगलगाई व मासे आले. आणि मग पुढच्या लोटाने ते सारे झाकून टाकले. दोन भाकऱ्यांच्या मध्ये चटणीचा हात फिरवावा तसे हे पातळ थर आहेत. काही ठिकाणी तर ते हातभरही जाड नाहीत. सबंध दक्षिण ट्रॅपचे वय ठरविण्याचा भार बराच काळ ह्या चटणीवर होता.

पहिला पुरावा मात्र चवडीच्या तळाशी सापडला. १८२८ साली जबलपूरजवळच्या बडा सिमला टेकडीत कॅप्टन स्लीमन ह्यांना (ठगांचा बंदोबस्त केला तेच हे स्लीमन) काही प्रचंड दगडी हाडे मिळाली. ज्या थरात ती होती त्याला पुढे नर्मदेवरील लमेटा घाटाचे नाव पडले. हा थर काळ्या दगडाच्या खाली आहे. १८७७ मध्ये लायडेकर ह्यांनी ह्या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले. हा डायनोसॉर होता. लमेटा थर डायनोसॉरांच्या काळचे, म्हणजे ज्याला आपण खडूचे युग म्हणू त्या क्रिटेशस कालखंडातले, असे मत त्यामुळे पुढे दृढ होत गेले. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा नावाचे खेडे आहे, तिथल्या शेतांतूनही अशीच हाडे निघाली. तेव्हा काळा दगड खडूच्या युगाच्या शेवटचा किंवा त्यानंतरचा, एवढे कळले. पण नंतरचा म्हणजे कितीसा नंतरचा?

ह्याचे उत्तर शोधण्याचा मोठा उद्योग नागपुरात झाला. स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर हे दोघे स्कॉटिश मिशनरी तेथे काम करीत होते. धर्मप्रचारात त्यांना किती यश आले ते मी सांगत नाही; पण हातोडी घेऊन रानोमाळ हिंडण्यात त्यांनी कसूर केली नाही. नागपूरजवळच्या टाकळी गावी काळ्या दगडांच्या मधल्या थरात त्यांना गोड्या पाण्यातील गोगलगाई, फळे, बिया, लाकूड, कीटकांचे अवशेष असा खजिनाच सापडला. ह्यातली फायसा प्रिन्सेपाय नावाची डावखुऱ्या वळणाची गोगलगाय पुढे इतक्या ठिकाणी मिळाली की, ती ह्या थरांची ओळखच होऊन बसली. १८५५ साली ह्या दोघांचा निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. १८६० च्या दुसऱ्या निबंधात हिस्लॉप ह्यांनी आपला निर्णय दिला: हे थर डायनोसॉरांनंतरच्या तृतीय कालखंडातले आहेत. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना, बोरीजवळ पूर आलेल्या नदीत बुडून त्यांचा अंत झाला. वय अवघे ४५. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजास नाव आहे ते ह्यांचेच.

सरकारी भूवैज्ञानिक खात्यातील विल्यम ब्लॅनफर्ड ह्यांना हा निर्णय मान्य नव्हता. त्यांनी गोगलगाईंपेक्षा थरांच्या मांडणीवर भर दिला. नर्मदेच्या खोऱ्यात बाघ येथे समुद्री प्राण्यांचे थर काळ्या दगडाच्या खाली आहेत आणि ते निःसंशय खडूच्या युगातले. उलट सुरत-भडोचकडे नाण्यासारख्या चपट्या शंखांचे इओसीन काळाचे थर काळ्या दगडाच्या वर बसलेले आहेत, आणि तेही मधल्या काळात दगड पुष्कळ झिजून गेल्यानंतर. म्हणजे इओसीनचा समुद्र आला तेव्हा आपला दगड जुना झालेला होता. माझ्या मते त्या शतकातला हा सर्वांत सरळ युक्तिवाद होय. गोगलगाय कोठल्या काळची हे वादाचे ठरू शकते. खाली काय आणि वर काय, ते डोळ्यांना दिसते.

तरीही वाद मिटला नाही, आणि १९३४ साली तो पुन्हा पेटला तो एका भारतीयाच्या हातून. लखनौचे वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी ह्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये उघड प्रश्न टाकला: दक्षिण ट्रॅप क्रिटेशस की तृतीय? त्यांचा पुरावा छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलाँ, सौंसर अशा गावांचा होता. तेथील गारगोटीच्या जातीच्या दगडात वनस्पती अशा टिकल्या आहेत की, पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पेशीन् पेशी मोजावी. त्यांत ताडामाडांच्या जातीची खोडे विपुल. पाण्यावर तरंगणारे अझोला होते. शिवाय निपाची फळे होती. हे खाडीकाठचे झाड आज सुंदरबनात वाढते, आणि ह्याची अश्मीभूत फळे लंडनच्या इओसीन चिकणमातीत रग्गड मिळतात. तेव्हा आपला दगडही इओसीनच्या आरंभीचा, असे साहनींनी प्रतिपादिले. त्यांचा अधिकार मोठा होता. लखनौच्या पुरावनस्पती संस्थेची कोनशिला एप्रिल १९४९ मध्ये बसली आणि आठवड्याभरातच ते निवर्तले. परंतु त्यांच्या मताचा प्रभाव पुढेही पुष्कळ वर्षे टिकला.

ह्या मतातला कच्चा दुवा कोठे होता? निपा लंडनला इओसीनमध्ये होते म्हणून छिंदवाड्यासही ते त्याच काळी आले असले पाहिजे, असे ते गृहीत धरते. एखादी वनस्पती एका मुलखात आधी आणि दुसऱ्यात कितीतरी नंतर पोचू शकते. पुढे निपाचे पराग खडूच्या युगातील खडकांतही सापडले.

आणि गंमत पाहा, साहनींच्या मताला मोठा धक्का दिला तो त्यांच्याच पुतण्याने. अशोक साहनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतर टाकळी, आसिफाबाद वगैरे ठिकाणची माती पोत्यांनी धुऊन चाळली. हिस्लॉप ह्यांना नुसत्या डोळ्यांनी जे दिसणे शक्य नव्हते ते चाळणीत उरले: डायनोसॉरांच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे, माशांचे बारीक दात. काळ्या दगडाच्या खालीच नव्हे, तर दोन लोटांच्या मधल्या काळातही डायनोसॉर जगत होते! १९८८ मध्ये आजच्या तेलंगणातील नस्कल येथील अशाच थरातून चिचुंद्रीएवढ्या एका सस्तन प्राण्याचे दात मिळाले. गुंटुपल्ली प्रसाद व अशोक साहनी ह्यांनी त्याचे नाव ठेवले डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपाय. टाकळीच्या पाद्र्याला ह्याहून चांगले स्मारक कोणते मिळणार?

दरम्यान मुका दगडही बोलू लागला होता. दगडातल्या पोटॅशियमचा काही भाग संथपणे आर्गॉन वायूत पालटत असतो. तो साठलेला आर्गॉन मोजून वय काढता येते. परंतु आपला दगड उन्हापावसाने कुजतो व वायू निसटतो, म्हणून आरंभीची उत्तरे १० कोटींपासून ३ कोटी वर्षांपर्यंत काहीही येत. १९८६ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दगडात गोठलेली चुंबकीय दिशा, आर्गॉनचे वय आणि टाकळीसारख्या थरांतील माशांचे दात, असे तिन्ही पुरावे एकत्र मांडले. लाव्ह्याचा बहुतेक भाग १० लाख वर्षांहूनही कमी काळात आला आणि तो काळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. नेमका डायनोसॉरांच्या अंताचा.

म्हणजे ज्या सीमारेषेच्या अलीकडे की पलीकडे ह्याबद्दल वाद चालला होता, ती रेषा आपल्या दगडाच्या पोटातूनच जाते. नस्कलचा थर रेषेच्या खालचा, तर छिंदवाड्याजवळच्या झिलमिलीचा थर, त्यातील समुद्री सूक्ष्म जीवांवरून, रेषेच्या लगेच वरचा, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. साहनींच्या वेळी आजचे पॅलिओसीन वेगळे न काढता इओसीनमध्येच धरण्याची बऱ्याच जणांची चाल होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ते फारसे दूर नव्हते असे म्हणावे लागते.

डायनोसॉर ह्या लाव्ह्याने मेले, की त्याच सुमारास मेक्सिकोत आदळलेल्या अशनीने, हा प्रश्न आता दशलक्ष नव्हे तर सहस्र वर्षांच्या हिशोबाने सोडवावा लागतो. त्यासाठी अमेरिकी शास्त्रज्ञ सह्याद्रीत आले आणि कोठे गेले म्हणता? घाटरस्त्याच्या कडेला दोन काळ्या थरांच्या मधे लाल मातीचा पट्टा आपण पाहिला असेल. त्या पट्ट्यातील ज्वालामुखीच्या राखेत झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक असतात, ते त्यांनी वेचले. पुन्हा मधलाच थर उपयोगी पडला! २०१९ च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन निबंध आले. झिरकॉनवाल्यांचा निर्वाळा असा की, लाव्ह्याचा एक मोठा उमाळा अशनी आदळण्याच्या आधी काही दशसहस्र वर्षे येऊन गेला. आर्गॉन मोजणारांच्या मते तीन-चतुर्थांशाच्या आसपास लाव्हा त्या आघातानंतर वाहिला. दोघांनी नमुने घेतले ते आपल्याच घाटांतून. पण सह्याद्रीच्या चवडीत ती सीमारेषा नक्की कोणत्या दोन लोटांच्या मधून जाते, ह्यावर त्यांचे अजून एकमत झालेले नाही.