वजीर द्यावा, पण हिशेब करून

बुद्धिबळाच्या पटावर राजाशेजारी जो सर्वांत बलवान मोहरा उभा असतो, त्याला इंग्रजीत राणी म्हणतात. आपल्याकडे तो वजीर. लोणार तालुक्यातल्या आमच्या बीबीसारख्या गावात पट मांडला, तरी ‘राणी मेली’ असे कोणी म्हणत नाही. ‘वजीर गेला’ असेच म्हणतात. आणि वजीर गेला की डाव गेला, हा सर्वसाधारण समज. म्हणूनच एखादा खेळाडू आपल्या हाताने वजीर मारायला देतो आणि दोन-तीन चालींत मात करतो, तेव्हा बघणारे थक्क होतात. यालाच वजिराचा बळी म्हणतात. ही चाल मोठ्या धाडसाची वाटते. खरे पाहता ती हिशेबाची चाल आहे, आणि तिचा इतिहासही तेच सांगतो.

मुळात हा वजीर नेहमीच इतका बलवान नव्हता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना त्यात बुद्धिबळाचाही विषय येतो. पुढे सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांच्या ‘भगवंतभास्कर’ या ग्रंथातही या खेळाची माहिती आली. हे भट्ट घराणे मूळचे आपल्या पैठणचे, नंतर काशीला स्थायिक झालेले. जुन्या चतुरंगात राजाशेजारी मंत्री असे, पण तो तिरका चाले आणि तोही एकच घर. हा खेळ इराणात आणि तिथून अरबांकडे गेला, तेव्हा या मंत्र्याला फर्जी म्हणू लागले. तोच शब्द पुढे आपल्याकडे परत आला. असा एका घराचा मंत्री मारायला दिला, तर त्यात नवल ते काय?

त्या काळी पटावरचा खरा बलवान मोहरा होता हत्ती. त्यामुळे गाजलेला बळीही हत्तीचाच. अरबी हस्तलिखितांत डावाची एक स्थिती मिळते आणि तिच्याभोवती दिलाराम नावाच्या स्त्रीची कथा गुंफलेली आहे. एक सरदार पैज लावून खेळत होता. हरता हरता त्याने शेवटी आपली बायको दिलाराम हिलाच पणाला लावले. आपल्याला द्यूतसभेतली द्रौपदी आठवावी असाच हा प्रसंग. डाव हातचा चालला होता. पण दिलाराम पटाकडे बघत होती. तिने नवऱ्याला सुचवले, दोन्ही हत्ती दे, पण दिलारामला देऊ नकोस. त्याने हत्ती दिले आणि घोड्याने मात केली. कथा खरी की रचलेली, हे बाजूला ठेवू. पण काय द्यायचे आणि काय राखायचे हे जिला नेमके कळले, ती स्वतःच पणाला लागलेली होती, हे विसरता येत नाही.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये खेळाचे नियम बदलले. युरोपात या मोहऱ्याला तोपर्यंत राणी म्हणू लागले होते. नव्या नियमांत तिला सरळ आणि तिरके, हवी तितकी घरे चालण्याची मुभा मिळाली. १४९७ साली लुसेना नावाच्या स्पॅनिश लेखकाचे बुद्धिबळावरचे पुस्तक छापले गेले. त्यात नव्या वजिराचा बळी देऊन केलेली एक मात आहे. कोपऱ्यातल्या राजाच्या शेजारच्या घरात वजीर शह देतो. त्याच्या पाठीशी घोडा असल्याने राजाला तो मारता येत नाही, हत्तीलाच मारावा लागतो. हत्ती त्या घरात आला की राजाची उरलेली वाट बंद होते आणि घोडा मात करतो. म्हणजे वजिराला बळ मिळाले आणि थोड्याच काळात त्याला मारायला देण्याची युक्तीही सापडली.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अठराव्या शतकातल्या पॅरिसचे. तिथे लेगाल नावाचा नामांकित खेळाडू होता. फिलिडोर या मोठ्या खेळाडूचा तो गुरू. त्याच्या नावाने ओळखला जाणारा डाव घरी पट मांडून सहज करून पाहता येतो. पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे काढले, काळ्यानेही तसेच केले. पांढऱ्याने राजाकडचा घोडा काढून काळ्याच्या प्याद्यावर रोख धरला. काळ्याने वजिरापुढचे प्यादे एक घर सरकवून जोर दिला. पांढऱ्याने राजाकडचा उंट काढला. काळ्याने वजिराकडचा उंट आणून पांढऱ्याचा घोडा अडकवला. घोडा हलला तर मागचा वजीर उघडा पडतो. पांढऱ्याने दुसरा घोडा काढला. काळ्याने हत्तीपासून दुसरे, म्हणजे राजाकडच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवले.

आता पांढऱ्याचा अडकलेला घोडा उठतो आणि मधले प्यादे मारतो. काळ्याचा उंट आनंदाने वजीर मारतो. पांढऱ्याचा उंट काळ्या राजाजवळचे प्यादे मारून शह देतो. राजाला एक घर पुढे येण्यावाचून गत्यंतर नाही. मग दुसरा घोडा पटाच्या मध्यभागी येतो आणि मात! शेवटची स्थिती नीट पाहा. काळ्याचा वजीर शाबूत आहे, आपल्या राजाच्या अगदी लगत उभा आहे. राजाला निसटायला जे एक घर होते, ते त्यानेच अडवले आहे. ज्याने वजीर दिला तो जिंकला आणि ज्याने राखला तो हरला.

पण याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. काळ्याने वजिराचा मोह सोडून प्याद्याने घोडाच मारला असता तर? मग पांढऱ्याच्या वजिराने काळ्याचा उंट मारला असता आणि एक प्यादे पांढऱ्याच्या पदरात पडले असते. म्हणजे या बळीत पांढऱ्याचे नुकसान नव्हतेच. आता शेवटच्या त्या प्याद्याच्या चालीऐवजी काळ्याने आपला वजिराकडचा घोडा काढला आहे, असे समजा. बाकी सारे तसेच. आता पांढऱ्याने तीच चाल केली, तर काळ्याचा घोडा पांढऱ्याचा घोडा मारतो आणि आपल्या उंटालाही जोर देतो. पांढऱ्याचा एक घोडा फुकट गेला. चाल तीच, धाडस तेच. एका घोड्याच्या फरकाने एकीकडे कीर्ती आणि दुसरीकडे फजिती.

ऑस्ट्रियाचा खेळाडू श्पीलमान याने बळींचे दोन प्रकार सांगितले. एक दिखाऊ, ज्याचा मोबदला लगेच मोजून दाखवता येतो. दुसरा खरा, ज्यात जोखीम उरते. लेगालचा बळी पहिल्या प्रकारातला. १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध वजीर दिला, तेव्हा लगेच मात होत नव्हती. पण बदल्यात एक हत्ती, दोन उंट आणि प्यादे हाती आले, आणि एक्केचाळिसाव्या चालीला मात झाली.

आपल्या देशी पद्धतीतही मोहऱ्याच्या किमतीपेक्षा त्याच्या कामाला मान होता. प्याद्याने केलेली मात, म्हणजे प्यादेमात, विशेष मानाची समजत. अवघड स्थितीतून मात कशी करावी, याची गोडीही जुनी. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथावरून केलेले अशा स्थितींचे इंग्रजी पुस्तक १८१४ साली मुंबईत छापले गेले होते.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. तिचे पाहून विदर्भातल्या एखाद्या मुलीने घरी पट मांडला, तर तिला वजिराचा बळी जरूर दाखवावा. मात्र टाळी वाजवण्याआधी तिला विचारावे, समोरच्याने वजीर घेतलाच नाही तर काय? बळी या शब्दाने आपण चटकन भारावतो. पटावर आणि पटाबाहेरही, कोणाचा बळी जातो आहे आणि त्यातून काय साधणार आहे, हे देणाऱ्याने आधी मोजायचे असते. न मोजता दिलेल्या वजिराला बुद्धिबळात बळी म्हणत नाहीत, घोडचूक म्हणतात.